‘द लेडीकिलर्स’च्या मूळ ब्रिटिश पोस्टरवर नटांच्या फोटोंऐवजी चित्र का आहे? आणि ऑनलाइन ‘ओरिजिनल’ म्हणून विकतात ते खरं कसं ओळखायचं?

चित्र मुद्दाम आहे. सिनेमा १९५५चा, टेक्निकलर म्हणजे रंगीत. अॅलेक गिनेस, पीटर सेलर्स, हर्बर्ट लोम अशी तगडी मंडळी. फोटो टाकायला कुणी अडवलं नव्हतं. पण हा सिनेमा काढणाऱ्या ईलिंग स्टुडिओची जाहिरात बघायचा एस. जॉन वूड्स, आणि तो स्वतः चित्रकार. पोस्टरसाठी तो सिनेमाच्या धंद्याबाहेरचे नावाजलेले चित्रकार गाठायचा. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’चं पोस्टर व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्लनं केलं, ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’चं एडवर्ड बॉडननं. ‘लेडीकिलर्स’ गेला रेजिनाल्ड माउंटकडे.

ही निवड मला जाम आवडते. महायुद्धात माउंटनं ब्रिटिश सरकारसाठी पोस्टरं केली होती. त्यातलं गुप्तरोगाबद्दलचं एक शोधून बघाच: बायकी हॅट घातलेली कवटी, आणि ती लाडीगोडीनं पोरांना बोलावतेय. हसू येतं आणि काटाही येतो. या सिनेमाची जातही तीच. लंडनमधल्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या कललेल्या घरात मिसेस विल्बरफोर्स ही म्हातारी राहते. नळाला पाणी यावं म्हणून पाइपवर हातोडा हाणते. तिच्याकडे भाड्यानं खोली घेऊन दरोडेखोर घुसतात आणि आपण वादक आहोत असं भासवतात. वर ग्रामोफोनवर बोकेरिनी या संगीतकाराची रचना चालू, खाली आजीबाई खूश. त्या चहाचं विचारायला जिना चढल्या की यांची व्हायोलिन-चेलो उचलायची पळापळ! पुढे टोळीतला एकेक जण मरतो आणि आपण हसत असतो. फोटोत हे पकडणार कसं? शिवाय गिनेसचा प्रोफेसर मार्कस, ते पुढे आलेले दात, तो लांबलचक मफलर, म्हणजे चालतंबोलतं व्यंगचित्रच.

(आजीबाई झालेल्या केटी जॉन्सन तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार त्यांना मिळाला, आणि अगदी योग्य मिळाला.)

आता खरं-खोटं. ब्रिटिश थिएटरांचं नेहमीचं पोस्टर म्हणजे ‘क्वाड’: आडवं, ४० इंच रुंद, ३० इंच उंच. उभं, २७ बाय ४१ इंचाचं असेल तर ते बहुधा अमेरिकन प्रदर्शनासाठीचं. तेही जुनं असू शकतं, पण ते माउंटचं काम आहे असं समजू नका. ए-थ्री, ए-टू अशा मापात असेल तर सरळ नक्कल समजा. त्या काळी पोस्टरं सहसा घडी घालून थिएटरांना जायची, त्यामुळे घडीच्या खुणा असणं चांगलंच. सत्तर वर्षांचा कागद आणि एकही घडी नाही, असं असेल तर मी तरी पैसे देणार नाही. मात्र काही नकलांवर घड्यांच्या रेघासुद्धा छापलेल्या असतात, म्हणून विकणाऱ्याकडे पाठीमागचा फोटो मागा. खरी घडी मागूनही दिसते. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असेल तर त्याचाही जवळून फोटो घ्या. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत ही अक्षरं बरेचदा धूसर, तुटक दिसतात.