उपासनेत मन लागत नाही, तरी केवळ आज्ञा म्हणून चर्चला जाणं हे ढोंग आहे का?

ढोंग नाही. जात राहा.

तुम्ही लिहिलंय की आजूबाजूचे लोक गाताना रडतात, हात वर करतात, आणि तुम्हाला आत काहीच होत नाही. म्हणून आपली उपासना खोटी आहे असं वाटतं, आणि अशा अवस्थेत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि प्याला, घ्यावं का, हेही विचारलंय. खरं तर मी वरच्या दोन वाक्यांवरच थांबले असते. पण 'डोळे ओले होत नाहीत म्हणजे विश्वास कोरडा' हे माझ्या वडिलांबद्दल, त्यांच्या स्मरणसभेत, भरल्या मंडळीसमोर बोललं गेलं आहे. त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

आम्ही इंदूरचे. आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी महूला आले, आणि कुटुंब मग इकडेच राहिलं. इथल्या जुन्या मंडळ्या बऱ्याचशा कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. ते लोक 1877 मध्ये इंदूर-महूला आले. त्यांची उपासना म्हणजे गीत, शास्त्रवाचन, लांब उपदेश, प्रार्थना आणि आशीर्वाद. तीच रीत आमच्यापर्यंत आली. चर्चमध्ये सगळं हिंदीत, घरी मराठीत. रात्री जेवणं झाली की बाबा पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय वाचायचे, नारायण वामन टिळकांचं एखादं गीत व्हायचं आणि मग प्रार्थना. बाबांना सूर नव्हता. प्रार्थनाही रोज जवळजवळ त्याच शब्दांत असायची. ते कापड गिरणीत फिटर होते आणि चर्चच्या समितीचे खजिनदार. दानाच्या थैलीतला पैसा न पैसा दोघांसमोर मोजून वहीत लिहायचे आणि पावती फाडायचे. त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभं केलं की 'प्रभूने सांभाळलं' एवढं म्हणून बसायचे.

काका अगदी वेगळे. आवाज असा की गीत त्यांनी उचललं की अख्खं चर्च मागे यायचं. प्रार्थनेत गळा भरून यायचा. ते अश्रू खोटे होते असं मी आजही म्हणत नाही. ते ठेकेदार होते, घरं बांधायचे, आणि कामावर मजूर बहुतेक झाबुआकडचे भिल्ल असत. इंदूरची कितीतरी घरं या मजुरांच्याच हातची आहेत.

आमच्याकडे कापणीचा सण दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे व्हायचा. लोक मका, सोयाबीन, सीताफळं, अंडी, घरचा केक, लोणच्याच्या बरण्या असं काय काय आणून वेदीपुढे मांडायचे, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. लिलाव नावाचाच. खरं म्हणजे ते दान असायचं. एका अंड्याची बोली चढत जायची, टाळ्या पडायच्या. मला तो दिवस फार आवडायचा.

त्या वर्षी सणाच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या मजुरांचा मुकादम आमच्या घरी आला. काका भेटत नव्हते आणि हे त्यांचे मोठे भाऊ आहेत, एवढंच त्याला माहीत. दोन हप्त्यांची मजुरी अडकली होती. दिवाळीला गावी जायचं होतं, बायका-पोरं गंगवाल बस स्टँडवर सामान घेऊन बसलेली. आईने त्याला चहा दिला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सायकल काढून काकांकडे गेले. काका म्हणाले, पार्टीकडून पैसे आलेले नाहीत, आले की देतो, दादा तुम्ही यात पडू नका. बाबा परत आले आणि त्या रात्री त्यांनी शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा चोविसावा अध्याय वाचला. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची. तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात लागलेला असतो. नाही दिलीस तर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराला हाक मारील आणि तुला दोष लागेल. नेहमीच्या अध्यायांचा क्रम सोडून त्यांनी हे वाचलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी लिलावात एक मोठा लाल भोपळा निघाला. काकांनी बोली लावली, दुसऱ्या कुणी वाढवली, काकांनी आणखी वाढवली. शेवटी पाचशेवर गेली. त्या काळात पाचशे म्हणजे खूप. टाळ्या झाल्या, काका म्हणाले, 'प्रभूला गौरव', आणि पाकीट काढून टेबलाशी आले. टेबलाशी पावतीपुस्तक घेऊन बाबा बसलेले.

बाबा म्हणाले, 'ही पावती मी फाडणार नाही.'

काकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाबांनी तितक्याच आवाजात सांगितलं, 'माणसं गंगवालवर बसलीत. आधी त्यांचे दे. उरलं तर इथे आण.'

सगळं अंगण ऐकत होतं. पादरीसाहेब पुढे आले आणि म्हणाले, घरचं भांडण घरी, प्रभूच्या दिवसाला गालबोट लावू नका. आणि खजिनदाराचं काम पावती लिहिण्याचं, पैसा कुठून आला हे विचारण्याचं नाही. बाबांनी पावतीपुस्तक बंद करून टेबलावर ठेवलं, सायकल घेतली आणि गंगवालला गेले. तिथे त्या लोकांबरोबर बसून राहिले. दुपारनंतर काकांचा मुनीम आला आणि पूर्ण हिशेब चुकता करून गेला. संध्याकाळच्या बसने ते लोक गेले.

काकांनी पैसे लाजेने दिले. चार लोकांत अब्रू गेली म्हणून दिले. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. पण बस तर मिळाली! म्हणूनच मला तुमचा प्रश्न जवळचा वाटला. मनात काहीही नसताना, उलट राग असताना, काकांच्या हातून त्या दिवशी जे झालं ते देवाच्या आज्ञेप्रमाणे झालं. आणि मन अगदी भरून आलेलं असताना सकाळी जे होणार होतं, ते आज्ञेविरुद्ध होतं. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली आहे. एक बापाला 'जात नाही' म्हणतो आणि मग मळ्यात जातो. दुसरा 'जातो, महाराज' म्हणतो आणि जात नाही. बापाच्या मनासारखं कुणी केलं, एवढंच येशू विचारतो. पहिला मळ्यात गेला तेव्हा त्याला कसं वाटत होतं, हे कुणी विचारत नाही.

शौल राजाची गोष्ट बाबा पुष्कळदा सांगायचे, 1 शमुवेल 15 मधली. लुटीतलं जे राखायचं नव्हतं ते शौलाने राखलं, आणि शमुवेल संदेष्ट्याने विचारल्यावर सांगितलं, उत्तम मेंढरं परमेश्वराला यज्ञ करण्यासाठीच ठेवली आहेत. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे तिथलंच. त्या अध्यायातली अमालेकी लोकांच्या संहाराची आज्ञा मला अजूनही झेपत नाही, ते वेगळंच दुखणं आहे. पण बाबांचा मुद्दा साधा होता. जे तुझं नाही ते देवाला वाहता येत नाही. भोपळ्याचे पाचशे मजुरांचे होते. नव्या करारातला याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो ओरडा सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. गिरण्या बंद पडून वर्षानुवर्षं हक्काच्या पैशाची वाट पाहिलेल्या या शहरात याकोबाचं ते वचन कुणाला समजावून सांगावं लागू नये. तरी चर्चमध्ये त्यावर उपदेश मी फारसा ऐकलेला नाही. दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर, मात्र दर वर्षी.

पुढे बाबांचं खजिनदारपद गेलं. काका फेलोशिप म्हणवणाऱ्या एका नव्या मंडळीत जाऊ लागले, बाबांशी बोलणं टाकलं. नाताळचा फराळ काकू पाठवत राहिल्या आणि आईही डबा रिकामा परत करत नसे, एवढाच संबंध उरला. बाबा गेले तेव्हा चुलतभाऊ स्मरणसभेत बोलायला उभा राहिला. मोठे काका नियमाने चालणारे होते, म्हणाला, पण त्यांना आत्म्याचा अनुभव नव्हता, उपासनेत त्यांचे डोळे कधी ओले झालेले आम्ही पाहिले नाहीत, प्रभू त्यांच्यावर दया करो. लोक 'आमेन' म्हणाले.

मी तेव्हा उठून बोलले नाही, कारण आई शेजारी बसली होती. आता बोलते. आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करा असं येशू शोमरोनी बाईला म्हणाला, तेव्हा विषय होता उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, असा. अश्रूंचा तिथे प्रश्नच नव्हता. येशूने तिच्याशी आधी तिच्या आयुष्याबद्दल बोलणं केलं, मग उपासनेबद्दल. आणि आमोस संदेष्ट्याच्या तोंडून देव स्पष्ट सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे वाचून कोणी 'हात वर करा, मोठ्याने म्हणा' एवढ्यावर एखाद्याचा विश्वास मोजत असेल तर त्याने शास्त्र नीट वाचलेलं नाही. स्टेजवरून हात वर करायला सांगणारे आणि मग कोणी केले नाहीत ते पाहणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे तुमच्यासारखी माणसं स्वतःला ढोंगी समजू लागतात, याचा मला राग येतो.

मात्र आज्ञा कुणाची, हे पाहून घ्या. त्या दिवशी पादरीसाहेबांची आज्ञा होती पावती फाडायची. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांतच तिथल्या सिस्टरना कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही. आणि याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायका-मुलींसाठी आणि शास्त्राच्या मराठी भाषांतरासाठी उरलेलं आयुष्य दिलं. त्यांना कोणी अवज्ञाकारी म्हणेल का? 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा' हे वचन दाखवून कुणी तुमच्याकडून चुकीचं काम करवून घेत असेल, किंवा घरातला छळ सोसायला लावत असेल, तर ते आज्ञापालन नाही. तिथे नाही म्हणा.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या आधीच सांगायला हव्या होत्या. मजुरी दिली म्हणून तारण मिळतं असं मी म्हणत नाही. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे आणि तिथेच लगेच पुढे, दहाव्या वचनात, सत्कृत्यांसाठी आपण निर्माण झालो हेही आहे. रडणाऱ्यांनाही मी नावं ठेवत नाही. परूश्याच्या घरी येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या बाईला त्याने सगळ्यांपेक्षा वर बसवलं. काकांनाही ती बाई फार प्रिय होती. आणि तुमचं मन फक्त चर्चमध्येच नाही तर जेवणात, झोपेत, कामात, कशातच लागत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न नाही, चांगल्या डॉक्टरकडे जा. प्रार्थनासभेत नेऊन 'आत्मा काढणाऱ्यां'च्या हाती स्वतःला देऊ नका.

मन लागण्यासाठी काय करावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बाबांची एक सवय सांगते. शनिवारी रात्री ते कागदावर लिहायचे: कुणाचं देणं आहे, कुणाशी वाकडं आलं आहे. जमेल ते रविवारच्या आत निस्तरायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दान वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय, ते त्यांनी शब्दशः घेतलं होतं. काकांचं नाव त्या कागदावर शेवटपर्यंत असायचं. ते काकांच्या दारी जायचे, आणि काका आत असूनही भेटायचे नाहीत. माझ्या चुलतभावाने स्मरणसभेत उभं राहण्याआधी हे आपल्या आईला विचारायला हवं होतं. दार उघडून 'घरात नाहीत' म्हणून सांगायची वेळ दर वेळी काकूंवरच यायची.

प्रभुभोजनाचं विचारलंत. घ्या. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरीतून खावं, प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून उठून निघून जावं असं त्याने लिहिलेलं नाही. कुणाचे पैसे अडवून ठेवले असतील तर ते आधी देऊन या. तसं काही नसेल आणि फक्त 'काही वाटत नाही' एवढंच असेल, तर भाकर हातात येईल तेव्हा घ्या आणि खा.