पासिंग असलेली गाडी घेतली, पुढच्याच पासिंगला अडली

प्रश्न : मी अंबड तालुक्यात राहतो. पाच महिन्यांपूर्वी ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१४ ची पिवळ्या पाटीची सात सीटर डिझेल गाडी ३ लाख ४० हजारांना घेतली. मीच चालवतो. गावातले पेशंट घाटीला (संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात) नेणं आणि परळी-तुळजापूरच्या ट्रिपा यावर घर चालतं. घेताना चार महिन्यांचं पासिंग शिल्लक होतं. ते संपल्यावर गाडी पासिंगला नेली, तर चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सडलेली आहे आणि हँडब्रेक धरत नाही म्हणून परत पाठवली. डीलर म्हणतो, ‘पासिंगमध्ये दिली, पुढचं तुमचं.’ आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे, सह्या केलेले टीटी फॉर्म (मालकी बदलाचे अर्ज) माझ्याकडे आहेत. एक एजंट सात हजारात गाडी न दाखवता पासिंग करून देतो म्हणतो. पैसे परत मिळतील का? तोवर गाडी चालवू का? की प्रायव्हेट करून घेऊ, म्हणजे दरवर्षीची कटकट मिटेल?

उत्तर : एजंटचं आधी बोलतो, कारण ते आज-उद्याच घडू शकतं आणि घडलं की तुमची केस तिथेच संपेल. तुमचा सगळा दावा एका गोष्टीवर उभा आहे, की गाडी विकली तेव्हाच चासी सडलेली होती. उद्या तुम्ही सात हजारात प्रमाणपत्र आणलंत, तर तेच डीलरचा वकील पुढे ठेवेल आणि म्हणेल, ‘गाडी तर पास आहे, तक्रार कसली?’ तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय त्या चासीवर तुम्ही आजारी माणसं बसवणार. एजंटचा फोन घेऊ नका.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. मागच्या चाकाच्या वर चासीला जाड काळा रंग फासलाय. मेकॅनिकनं पेचकस टोचला तिथे तो सालीसारखा सुटलाय, खालून लोखंडाचे पापुद्रे निघतायत आणि पेचकसाचं टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर आलंय. त्याच रंगाचे ओघळ नटबोल्टांवर आणि ब्रेकच्या नळीवरही आहेत, म्हणजे गाडी जोडलेली असताना घाईनं मारलेला हा हात आहे. अंबडच्या हवेत पाच महिन्यांत लोखंड असं पोखरत नाही. ते वर्षानुवर्षांचं काम असतं.

या रंगातच तुमची केस आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार एखादी गोष्ट माहीत असून ती जाणीवपूर्वक झाकणं ही फसवणूक ठरते. ‘जुनी गाडी आहे तशी घेतली’ असं लिहून दिलेलं असलं, तरी झाकलेल्या दोषाला त्याचा आडोसा मिळत नाही. फक्त गप्प बसणं वेगळं. तिथे ‘तुम्ही नीट पाहायला हवं होतं’ हा बचाव चालू शकतो. म्हणून रंग कधी आणि कोणी मारला, हे जितकं दाखवता येईल तितकं दाखवा. जाहिरातीतले गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो असतील तर ते शोधून ठेवा.

डीलरचं ‘पासिंगमध्ये दिली’ हे म्हणणं ऐकायला ठाम वाटतं, पण त्यात दम नाही. मोटार वाहन नियमांतल्या नियम ६२ प्रमाणे व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं असतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. चार महिने शिल्लक होते, म्हणजे ती तपासणी तुम्ही गाडी घेण्याच्या आठ महिने आधीची. त्या दिवशी गाडी कशी दिसली, एवढंच तो कागद सांगतो. दहा-बारा वर्षांची गाडी तपासणीत अडते ती बहुधा अशाच ठिकाणी : दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे न लागणं, हेडलाइटचा झोत वर जाणं, टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली घासणं, आणि गंज. पहिली तिन्ही दुरुस्त होतात. चासीच गेली असेल, तर गाडीच्या किमतीचाच प्रश्न येतो.

दाद ग्राहक आयोगाकडे मागा. डीलर म्हणेल, गाडी धंद्यासाठी घेतली, हा ग्राहकच नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘धंद्यासाठी घेतलेली’ धरत नाहीत. तुम्ही ड्रायव्हर ठेवलेला नाही, ही तुमची मोठी जमेची बाजू. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याच्या आयोगात करता येते. ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्यानं फी लागत नाही. पैसे परत मागा, त्यावर खर्च आणि बुडालेला धंदाही मागा. पाच महिने वापरली म्हणून काही रक्कम कापली जाऊ शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा. आयोग मध्यस्थी सुचवेल. भरलेल्या पैशांपैकी मोठा भाग लवकर हातात पडत असेल, तर ती नाकारू नका, कारण निकालाला कायद्यात लिहिलेल्या महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता गाडी चालवण्याचं. चालवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस, म्हणजे पासिंग, नसलेली व्यावसायिक गाडी कायद्याच्या नजरेत वैध नोंदणी नसलेलीच असते. कलम १९२ खाली पहिल्या वेळी ५ हजारांपर्यंत दंड होतो, पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी फिटनेसचाच मुद्दा काढेल आणि भरपाईचा बोजा तुमच्यावर ढकलू पाहील. कलम १९२ मध्येच एक सवलत आहे. अगदी तातडीनं आजारी किंवा जखमी माणसाला नेलं, तर हे कलम लागत नाही, मात्र सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं. ती रात्री-अपरात्रीच्या अडचणीसाठी आहे, रोजच्या फेऱ्यांसाठी नाही. आणि ही चासी पाहिल्यावर, दुसरी गाडी मिळत असेल तर त्या रात्रीही तीच घ्या, असं मी सांगेन.

आरसीचा घोळ तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नोंद करायची असते. सह्या केलेले टीटी फॉर्म कपाटात ठेवून गाडी नावावर होत नाही. अपघात झाला तर भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं जातं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. याचा उपयोग करून घ्या. नोटीस डीलरबरोबर पहिल्या मालकालाही पाठवा. जबाबदारी अजून आपल्याच डोक्यावर आहे हे कळलं, की तोही डीलरकडे तगादा लावेल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याच्याकडे ते आहे का, हेही नोटिशीत विचारा.

प्रायव्हेट करण्याचा विचार सोडा. तपासणी तिथेही होते, कराचा फरक भरावा लागतो, आणि पांढऱ्या पाटीवर भाडं मारलंत तर परवाना आणि विमा दोन्हींचा भंग होतो. सडलेली चासी राहते ती राहतेच.

या आठवड्यात एवढं करा. गाडी का नाकारली ते कारणांसह लेखी मागून घ्या. हा निर्णय चुकीचा वाटला तर कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील असतं, पण तुमच्यासाठी तो कागद पुरावा आहे, अपील करू नका. दुसऱ्या एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तारीख टाकून लेखी अहवाल घ्या. डीलरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि ऑडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या, तो फोन विकू नका. मग पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवू. गाडी पत्र्याखाली उभी करून किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. हँडब्रेकची केबल बदलायला हरकत नाही, फक्त जुनी जपून ठेवा. चासीला मात्र वेल्डिंगचा एक टाकाही घालू देऊ नका, रंगही खरवडू नका.