गेम सुटला, पण संध्याकाळ खायला उठते

"मॅडम, गेम डिलीट केला. घरचे खूश आहेत. मला मात्र संध्याकाळी काही सुचत नाही, सगळं बेचव लागतं. मग सोडून मिळवलं काय?"

गेम सोडलेले बरेच जण हेच विचारतात. त्यातल्या एका तरुणाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हा रात्री उशिरापर्यंत टीमबरोबर ऑनलाइन खेळायचा. झोप गेली, नोकरी जायची वेळ आली, तरी थांबता येईना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ची हीच लक्षणं दिली आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. निदानासाठी हे साधारण १२ महिने चाललेलं असावं लागतं. त्याने जिद्दीने गेम सोडला होता. झोप आणि नोकरीची गाडी रुळावर आली होती, पण रिकामपण तसंच होतं.

मी विचारलं, "गेममध्ये तुम्ही काय करायचात?" त्याचा चेहरा उजळला. तो सपोर्ट खेळायचा, म्हणजे जखमी साथीदारांना वाचवायचा. "मी नसलो की टीम हरायची," तो म्हणाला.

माझ्यासाठी हे वाक्य फार महत्त्वाचं होतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या: स्वतःच्या मर्जीने काही करता येणं, एखादी गोष्ट जमणं आणि आपली माणसं असणं. गेम या तिन्ही गरजा भागवतो, तेही क्षणाक्षणाला. म्हणून 'वेळ वाया घालवलास' असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. त्याची भूक खरी होती.

सगळे सांगतात म्हणून त्याने पळायला जाणं सुरू केलं आणि लवकरच सोडलं. पळताना त्याची कुणाला गरज नव्हती. वडिलांना मधुमेह होता, औषधं आणि तपासण्या बहीण बघायची. ते काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. सुरुवातीला वैतागला. वडील चार शब्दही बोलत नव्हते, आणि साखरेचे आकडे हलत नव्हते. मी त्याला एचबीए१सी चाचणीबद्दल विचारलं. ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, आज केलेल्या कष्टाचं फळ आज दाखवत नाही. रोजच्या जगण्यातल्या बहुतेक गोष्टींचा निकाल असाच उशिरा लागतो, आणि गेमच्या वेगाला सरावलेल्या मनाला तो उशीर रितेपणासारखा वाटतो.

तोवर तग धरायला मी एक वही ठेवायला सांगितली. कुठलंही काम करण्याआधी 'किती बरं वाटेल' याला दहापैकी गुण द्यायचे, झाल्यावर पुन्हा द्यायचे. आधीचे गुण बहुतेक वेळा कमी निघाले. म्हणजे मन लागण्याची वाट पाहत बसायचं नसतं. आधी हात लावावा लागतो, मन मागून येतं.

गेमबरोबर त्याने मित्रांचे नंबरही पुसले होते. ते मला पटलं नाही. ज्यांच्याशी मैत्री खरी होती त्यांना फोन करायला मी सुचवलं. दोघांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. काहींशी गेमपलीकडे विषयच नव्हता, त्याचं दुःख त्याला झालं आणि ते होऊ दिलं.

एक मात्र लक्षात ठेवा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, भूक-झोप बिघडली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर वही पुरे पडणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी भेटा. कधीकधी गेमच्या आड नैराश्य दडलेलं असतं.

आणि घरच्यांनो, "परत खेळत नाहीस ना?" असं रोज विचारू नका. त्याच्यावाचून खरोखर अडेल असं एक काम त्याच्याकडे सोपवा, आणि ते तो त्याच्या पद्धतीने करत असेल तर मध्ये पडू नका.