वर्ग सोडण्याआधी

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिकते. १३ युनिटं (क्रेडिट) घेतली आहेत. ४ युनिटांचं गणित जड जातंय, सोडलं तर चालेल का?

उत्तर : घाईने सोडू नका. गणित वजा केलं की उरतात ९, आणि एफ-१ विद्यार्थ्याला सत्रात किमान १२ युनिटं लागतात. पोर्टलवर ‘ड्रॉप’चं बटण दाबलं की वर्ग जातो, व्हिसाचा विचार पोर्टल करत नाही. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओंना, म्हणजे विद्यार्थी-व्हिसाचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्यांना, भेटायला सांगा. चुकीच्या पातळीचा वर्ग मिळाला असेल किंवा अमेरिकी शिक्षणपद्धत नवखी असेल, तर ते कमी युनिटांची परवानगी देऊ शकतात. मात्र ती आधीच घ्यावी लागते, किमान ६ युनिटं ठेवावी लागतात आणि अभ्यासाच्या कारणासाठी त्या शैक्षणिक पातळीवर एकदाच मिळते. दुसरी वाट म्हणजे सत्राच्या मध्यावर सुरू होणारा, प्रत्यक्ष हजेरीचा वर्ग घेऊन १२ युनिटं भरून काढणं. ऑनलाइन वर्गाची फार तर ३ युनिटं या हिशेबात धरतात.

सर्वांत महागात पडतं ते नुसतं जाणं बंद करणं. प्राध्यापक नाव काढतीलच असं नाही. शेवटी ‘एफ’ (नापास) लागतो. ड्रॉपची पहिली मुदत पाळली तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही, नंतर ‘डब्ल्यू’ (वर्ग मध्येच सोडल्याची खूण) येतो. फी परत मिळण्याची तारीख वेगळी असते, तीही कॉलेजच्या वेळापत्रकात बघा.