वर रेंज येते

सातारा,
मे अखेर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट मिळाली. वर्षात ५२ पुस्तकं, २४ किल्ले, रोज दहा हजार पावलं आणि शेवटच्या रकान्यात 'घरच्यांसाठी वेळ', तोही हिरव्या रंगात. परवा तुझी आई फोनवर म्हणाली, "तूच काहीतरी सांग बाई तिला, ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसते." म्हणून हे पत्र. मेल केली असती तर ती तू मीटिंग चालू असताना वाचली असतीस.

शीट सुरेख आहे, फॉर्म्युले तर फारच. पण टाकून दे.

हे उद्योग मीही केलेत. पुण्यात असताना एका वर्षी ४१ पुस्तकं संपवली, वहीत नोंद आहे. त्यातल्या निम्म्यांत काय होतं असं आज विचारलंस तर मी चहा टाकायला उठेन. आकडा गाठायचा म्हणून मी वाचनालयात बारीक पाठीची पुस्तकं शोधायला लागले होते. तुमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात महिनाअखेरीला आकडा भरायला सोपी तिकिटं, म्हणजे सोपी कामं, आधी उचलतात ना, तसंच.

आधी तुझा वेळ कुठे आहे ते बघू. तुझी टीम न्यूयॉर्कला. आत्ता त्यांच्यात-आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की ते साडेदहा होतं, आणि आज साडेसातला असलेली तुझी मीटिंग थंडीत साडेआठला जाऊन बसते. जेवण तिच्या मागे. म्हणजे संध्याकाळ तुझी नाहीच. 'रात्री निवांत वाचेन' असं ठरवून मी कित्येक वर्षं उशाशी पुस्तक ठेवलं, दुसऱ्या पानावर चष्म्यासकट झोपले. पण सकाळी सहा ते नऊ तिकडे रात्रीचे साडेआठ ते साडेअकरा असतात. कुणाला तुझी आठवण येत नाही. हे तीन तास सोन्याचे आहेत, आणि तू ते अंथरुणात फोन बघण्यात घालवतेस. (आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस.)

तर सकाळी अजिंक्यतारा. २४ किल्ल्यांची यादी राहू दे, हा एकच, आणि शंभर वेळा. रोज चढणारी माणसं तुला ओळखायला लागतील, पण मी त्यांच्यासाठी पाठवत नाही. पहिल्या महिन्यात तुला काही दिसणार नाही, कंटाळा येईल. मग एक दिवस पांगारा दिसेल, पानं नसलेला आणि लालभडक, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तू त्याची वाट बघत असशील. उन्हाळ्यात डोंगराची एखादी सोंड काळी पडलेली दिसेल. गवत चांगलं फुटतं म्हणून वणवा लावतात. फुटतही असेल, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांनी काय करायचं? माझं डोकं फिरतं तिथे, असो. आत्ता करवंदं पिकलीत आणि पावशा ओरडायला लागलाय, 'पेर्ते व्हा' म्हणून. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत सगळा उतार हिरवा होतो, आणि ते आठ दिवस रोज वेगळे असतात. रोज पाहिलेल्या डॅशबोर्डवर एखादी रेघ जराशी वाकली तरी तुला कळतं. नव्या पोराला कळत नाही. डोंगराचंही तेच आहे.

कासला सप्टेंबरात सगळे जातात, ऑनलाइन बुकिंग करतात आणि घाटात गाडीत बसून राहतात. तू या आठवड्यात जा. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार, मेमध्ये नुसता तापलेला जांभा दगड. त्यावर बोटभर माती, पुष्कळ ठिकाणी तीही नाही. त्या मातीत नत्र इतका कमी की 'सीतेची आसवं' आणि 'दवबिंदू' यांना किडे पकडून पोट भरावं लागतं. बाकीची बहुतेक झाडंही घाईत असतात. पाणी आहे तोवर उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. आत्ता ते सगळं बी तिथेच पडलेलं आहे, तेव्हा पायवाट सोडू नकोस. हा दगड डोळ्यांत ठेवून सप्टेंबरात परत जा, तेरड्याचा गुलाबी रंग तुला निराळा दिसेल.

तिथली टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मागच्या दोन फुलोऱ्यांच्या मध्ये माझ्या तीन नोकऱ्या झाल्या. तू आत्ता रात्र-रात्र जागून शिकतेयस ते फ्रेमवर्क पुढच्या फुलोऱ्यापर्यंत टिकेलच असं मी लिहून देणार नाही. शीक, पोटाचा प्रश्न आहे. पण सोबत एखादी जुनी, न हलणारी गोष्टही वाच. रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडून ठेवायची, कल्पना मांडणारा एडगर कॉड यांचा १९७० चा निबंध छापील अकरा पानांचा आहे. तू दिवसभर ज्या क्वेरी लिहितेस त्यांचं मूळ तिथे आहे. मला तो समजायला तीन आठवडे लागले, रोज अर्धं-पाऊण पान. त्यानंतर बरीच वर्षं मी त्याच्यावर जेवले.

पुस्तक गडावरून उतरल्यावर, लॅपटॉप उघडायच्या आधी. चहाचा कप हातात, पंधरा-वीस पानं, बस्स. एका वेळी एकच. आणि विकत घेऊ नकोस, नगर वाचनालयातून आण. विकतचं पुस्तक कपाटात वाट बघत बसतं. वाचनालयाचं दारात उभ्या वाणसामानाच्या उधारीसारखं असतं, परत करावंच लागतं. भिलारला मात्र एकदा जाऊन ये, मे २०१७ पासून तिथे घराघरांत पुस्तकं ठेवलीत. दिवसभर कुणाच्या तरी ओसरीवर बसून वाचायचं, कुणी काही विचारत नाही.

ऑन-कॉलच्या आठवड्यात, ऑफिसचा फोन कधीही येईल म्हणून तयार राहावं लागतं तेव्हा, हे काही जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून जीव जाळू नकोस. त्या आठवड्यात कवितांचं पुस्तक घे, अर्ध्यावर सोडलं तरी चालतं.

हिरव्या रकान्याबद्दल एकच सांगते. माझे वडील रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं माझ्यासाठी अर्धं सोडून ठेवायचे. सुट्टीत घरी आले की मी 'थांबा हं, एवढा एक मेल' म्हणायचे. दुपारी बघायला जावं तर त्यांनी उरलेलंही सोडवलेलं असायचं, पेन्सिलने, मला खोडता यावं म्हणून. तुझ्या आईचं ताट तिच्या शेजारी बसून जेव. त्याला रकाना नको.

रविवारी सहाला गडाच्या पायथ्याशी ये, रस्त्याने जाऊ, माझे गुडघे आता पायवाटेला तयार नाहीत. तुझा ऑन-कॉल आहे म्हणालीस ना? असू दे, फोन घेऊन ये. वर रेंज येते. आणि माझ्या कार्डावर नेलेलं ते जाडं पुस्तक आठवणीने आण, सोमवारी त्याची मुदत संपतेय.

तुझी,
मावशी