संधिप्रकाशात ४० मिमी स्कोपपेक्षा ५० मिमीचा रायफल स्कोप खरंच जास्त उजळ दिसतो का?

दिसतो, पण झूम वाढवल्यावरच. ४० किंवा ५० मिमी हा पुढच्या भिंगाचा व्यास; त्याला झूमने भागा. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ९ पट झूमला ४० मिमीचा झोत साधारण ४.४ मिमी, ५० मिमीचा ५.६. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वयानुसार कमी. म्हणजे ९ पटीला फरक जाणवेल. झूम ६ वर आणलात तर ४० मिमीसुद्धा ६.७ देतो; मग ५० मिमीचा जादा प्रकाश बाहुलीबाहेरच सांडतो.

आणि उजळ म्हणजे स्पष्ट नव्हे. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. स्कोपमध्ये असे कितीतरी पृष्ठभाग असतात. तोच भरकटलेला प्रकाश चित्र धुरकट करतो. त्यामुळे चांगल्या कोटिंगचा ४० मिमी सुमार ५० मिमीपेक्षा सरस ठरू शकतो. स्कोपची मधली नळी ३० मिमीची असली की प्रकाश वाढतो, हा मात्र निव्वळ गैरसमज.

तुलना करायची तर दोन्ही स्कोप रायफलवरून काढून स्टँडवर ठेवा, झूम सारखाच, फोकस नीट. सूर्यास्तानंतर सावलीतल्या झाडाच्या सालीकडे बघत राहा: कुठल्यात तपशील आधी विरतो? दुकानातल्या दिव्यांखाली हे कळत नाही.