‘काहून गेली होती तिथं?’

पत्र थोडक्यात असं: “ताई, माझी मोठी बहीण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती. तिथल्या नाइटक्लबला आग लागली, त्यात ती गेली. २६ वर्षांची होती. आई सगळ्यांना सांगते, रूमवर सिलिंडर फुटला. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. भिंतीवर आईला साडीतला फोटो लावायचाय, मला तिचा शेवटचा, चमकीच्या टॉपमधला हवाय. तो टॉप मीच बर्डीवरून घेऊन दिला होता. सिंथेटिक होता. त्यानं तर ती गेली नसेल ना? – धाकटी, नागपूर”

बाळा, आधी टॉपचं बोलू. वर्षभर तू हेच उराशी धरून बसलीस, पत्रात मात्र शेवटच्या ओळीत लिहिलंस.

अशा आगीत बहुतेक माणसं धुरानं जातात. मुंबईत कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये आग लागली, १४ जण गेले. बहुतेक गुदमरून, आणि त्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते. ब्राझीलमध्ये सांता मारियाच्या क्लबात २०१३ साली २४२ जण गेले. आवाज अडवायला छताला लावलेला फोम पेटला, त्याच्या धुरात सायनाइड होतं, आणि बाहेर पडायला दार एकच. अशा ठिकाणी सुती कपड्यानं काय होणार होतं? तुझ्या बहिणीचं नेमकं कारण शवविच्छेदन अहवालात असेल. बाबांकडे माग, पण एकटीनं वाचू नकोस.

आता सिलिंडर. आईचा मला राग येत नाही. पोरगी गेली ती गेलीच, वर “रात्री काहून गेली होती तिथं?” असं विचारत चार बाया दारात उभ्या राहतील, ही धास्ती खरी आहे. आपल्याकडे सांत्वनाला येणारे चहा संपायच्या आत चौकशीला लागतात. पण सिलिंडर म्हटलं की चूक कुणाची ठरते? तिचीच. गॅस चालू ठेवला असेल, नळी बदलली नसेल. खरं सांगितलं तर निदान एखादा तरी विचारेल, तिथं दारं किती होती? खोट्या गोष्टीत तिला वाचवायला गेलो आणि दोष तिच्याच माथी मारला, असं झालंय हे. शिवाय ती नाचायची कशी, हसायची कशी, हे बोलतानाही तुला जीभ आवरावी लागते.

आईशी एकदम वाद घालू नकोस. आई जिच्यापाशी रडते, ती मावशी असो की आत्या, तिला आधी सोबत घे.

फोटोवरून भांडण नको. साडीतला भिंतीवर जाऊ दे, हार त्यालाच पडेल. चमकीचा टॉपवाला हाराखाली कशाला? तो फ्रिजवर लाव, दूध काढताना दिसेल असा.

आणि त्या दिवशी कुणी विचारलंच, तर सांग, “नाचायला गेली होती, काकू. तिला आवडायचं.” मग पानं वाढायला ऊठ.